गव्हाणीतल्या बाळाचा दोरा

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा गावाने पेढे वाटले आणि माझ्या घरात रद्दी आली.

त्याचं असं झालं. आमच्या यांचं, मन्मथरावांचं, गंजगोलाईच्या अलीकडे वह्या-कागदांचं दुकान. कचेऱ्यांना आणि शाळांना लागणारे फॉर्म हे छापून घेऊन विकायचे. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात छापखानेवाला स्वस्तात देतो म्हणाला, म्हणून यांनी गाडीभर माल छापून घेतला. प्रत्येक कागदावर ठसठशीत अक्षरांत ‘ता. लातूर, जि. उस्मानाबाद’. ऑगस्टात लातूर वेगळा जिल्हा झाला आणि सगळा माल एका दिवसात बाद. जिल्हा होणार हे पानटपरीवर बसणाऱ्याला सुद्धा महिनाभर आधी ठाऊक होतं. ज्याचं पोट त्यावर, त्यालाच तेवढं ठाऊक नव्हतं. मी बोलले तर म्हणाले, “सरकारचं कधी काय खरं असतंय का?”

गठ्ठे माजघरात आले, जिन्याखाली आले, धान्याच्या कोठीवर आले. रोज एकदा तरी माझ्या पायाच्या करंगळीला उस्मानाबाद जिल्हा लागायचा.

त्या साली पावसानेही तोंड फिरवलं. मृगात बरा पडला, मग गेला तो गेलाच. दिवाळीपर्यंत अंगणातल्या आडाचा तळ दिसायला लागला. नळाला चार दिवसांआड पाणी. आड कोरडा पडलाच आहे तर गाळ तरी काढू म्हणून यांनी दोन माणसं लावली. निघाला तो काळा, मऊ गाळ. माझ्या सासूबाईंनी, दानम्मांनी, त्यातला टोपलंभर बाजूला काढून ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवला. सगळी गल्ली त्यांना अव्वा म्हणायची. त्या म्हणाल्या, “लोण्यावानी माती हाय. चुलीला व्हईल, पोळ्याच्या बैलाला व्हईल.” पोळा नऊ महिने लांब होता, पण अव्वांच्या हातून काही फेकलं जात नसे.

नव्या जिल्ह्याबरोबर नवी माणसं आली. कारकून आले, ओव्हरसियर आले, दवाखान्यात नर्सा आल्या. आमची दोन्ही मुलं शिकायला नांदेडला, त्यामुळे अंगणापलीकडची खोली रिकामी होती. ऑक्टोबरात एस्तेर साळवे नावाची एक नर्स ती बघायला आली. बत्तीस-तेहतीसची असेल, जालन्याहून बदली होऊन आलेली. अव्वांनी तिची दारातच उलटतपासणी घेतली.

“हे कुठलं नाव म्हणायचं?”

“आम्ही ख्रिस्ती आहोत, अव्वा.”

“किरिस्ताव. मंग मांसमच्छी करत असताल.”

“खाते कधीमधी. पण तुमच्या घरात नाही करणार.”

“आन् पाण्याचं?”

“दवाखान्यातून येताना रोज एक कळशी भरून आणीन.”

अव्वांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवसांत स्वतःचं पाणी घेऊन येणारी भाडेकरीण म्हणजे लक्ष्मीच. त्यांच्या मनात आणखी एक प्रश्न होता, तो मला न सांगता कळत होता : हिला आडाला हात लावू द्यायचा का. पण आडालाच पाणी नव्हतं, म्हणून तो प्रश्न तसाच राहिला आणि खोली एस्तेरला मिळाली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. म्हणाली, “वहिनी, ती रद्दी पडलीय ना, त्यातले थोडे कागद मिळतील का?”

“थोडे कशाला? गठ्ठाच उचला. दोन उचला. करताय काय पण?”

“नाताळ आला ना. चांदणी करावी म्हणते. माझी मुलगी येणार आहे.”

तिला मुलगी आहे हे आम्हाला दोन महिन्यांत कळलं नव्हतं. मग तिने माझ्या उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं. मुलीचं नाव सलोमी, वय नऊ. सलोमी दीड वर्षाची असताना तिचे वडील अपघातात गेले. एस्तेरने मुलीला जालन्याला आपल्या आईजवळ ठेवलं आणि नर्सिंगचं शिक्षण घेतलं. पुढे बदल्या झाल्या त्या सगळ्या खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत, जिथे राहायला धड खोली नाही. मुलगी आजीजवळच वाढली. घरात मामा एस्तेरला ताई म्हणायचा, म्हणून मुलगीही ताईच म्हणायला लागली. आता लातूरला पक्की नेमणूक होती, खोली होती, समोर शाळा होती. एस्तेरने आईला लिहिलं की सलोमीला माझ्याकडे पाठव. त्याचं उत्तर तिने मला वाचून दाखवलं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे : ‘मुलगी म्हणजे तुझ्या बदलीचं सामान नाही.’ नाताळाच्या सुट्टीत पाठवते, राहीन म्हणाली तर ठेव. नाही म्हणाली तर एक तारखेला तिचा मामा येईल, त्याच्याबरोबर मुकाट्याने परत पाठव.

“तेवीसला येणार. नऊ दिवस हायेत हातात,” एस्तेर म्हणाली. एरवी ती जपून, दवाखान्यातलं बोलायची, पण तेव्हा बोली आपसूक सुटली. “तिकडं आजीच्या घरी नाताळला सगळं असतंय. चांदणी, गव्हाणी, दाराला माळा. माझ्या खोलीत काय हाय? दोन पातेली आन् खुंटीवर युनिफॉर्म.”

“मंग करू की,” मी म्हणाले. “त्यात काय अवघड हाय?”

मला हाताचं काम येतं. माझ्या लग्नातलं रुखवत बघायला उदगीरच्या बायका थांबून राहिल्या होत्या. हे मी सांगत नाही, लोक सांगायचे.

चांदणी दोन दिवसांत झाली. कामट्या आणायला बुरूडवाड्यात कोण जाणार, म्हणून तुराट्या घेतल्या. तुरीच्या वाळक्या काड्या मोडायला सोप्या आणि वजनाला हलक्या. पाच-पाच काड्यांच्या दोन चांदण्या दोऱ्याने बांधल्या, एकीवर एक ठेवून टोकं जुळवली आणि मध्ये वीतभर काड्यांचे टेकू दिले, की पोट फुगतं. आतून बल्ब सोडायला मागे जागा ठेवायची. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळं रात्रीत फन्ना उडवतात. कागद रंगवायला पाणी कुठून आणणार? दुकानातल्या लाल शाईच्या दोन बाटल्या यांना न विचारता उचलल्या आणि बोळ्याने कागदाला पुसल्या. छापील बाजू आत ठेवली. माळांसाठी उरलेल्या फॉर्मांच्या बोटभर पट्ट्या कापून कडीत कडी अडकवली. एस्तेर ड्यूटीवरून आली की आम्ही दोघी पायरीवर बसून चिकटवायचो. ती चार वाक्यं बोलायची, मग एकदम बोटांची पेरं मोजायला लागायची. मी ओळखून होते की ती दिवस मोजते आहे.

गव्हाणीपाशी गाडी अडली. एस्तेर म्हणाली, तळाला घालायला मूठभर कडबा मिळेल का. अव्वा तिथेच वाती वळत बसल्या होत्या. त्या कडाडल्या, “जित्या जनावराला कडबा न्हाई, आन् खेळातल्या गव्हाणीला कुठून आणायचा?” ते खरंच होतं. गल्लीतल्या लोकांनी म्हशी विकल्या होत्या. मग मी कात्री घेतली आणि एका आख्ख्या गठ्ठ्याची बारीक कातरण केली. उस्मानाबाद जिल्ह्याचा असा उपयोग कुणी केला नसेल.

“हे गव्हाणीचं हाय तरी काय?” अव्वांनी विचारलं.

एस्तेरने सांगितलं. मरियेचे दिवस भरले होते, गावात उतरायला जागा मिळाली नाही, मग गोठ्यात बाळंत झाली, बाळ गव्हाणीत ठेवलं.

“बाळंतिणीला कुणी जागा दिली न्हाई?” अव्वांच्या हातातली वात थांबली. “कसली मेली माणसं म्हणायची!” मग उठल्या आणि गोणपाटाखालची माती घेऊन आल्या. “तुमी कागदाचं करा. मातीचं म्या बघते.”

दोन दुपारी त्या खपल्या. पहिला बैल केला, कारण त्यांच्या मते गोठ्यात माणसाआधी बैल असतो. तो बसलेला होता, वशिंड चांगलं भरलेलं, गळ्यात घुंगरमाळ. मग बाळ, मग मरिया, आणि राहिलेल्या मातीत योसेफ. माती कमी पडल्यामुळे योसेफ बैलापेक्षा लहान झाला. बैल त्यांनी बाळाच्या बरोबर समोर, त्याच्याकडे तोंड करून बसवला आणि एस्तेरला बजावलं, “ह्या दोघांच्या मधी कुणाला हुबं करायचं न्हाई. नंदीची नजर मोकळी पायजे.”

मरिया आणि योसेफ बाजूला उभे राहिले. एस्तेर हसली, पण तिने काही हलवलं नाही.

मुलगी यायच्या आदल्या दिवशी आम्ही गव्हाणी एस्तेरच्या खोलीत कोपऱ्यात मांडत होतो, तेव्हा ती एकदम म्हणाली, “वहिनी, हे काय?” बाळाच्या गळ्यात काळा दोरा होता आणि दोऱ्याला कापडाची एवढीशी पुरचुंडी. मी लगेच ओळखलं. आमच्यात मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधतात. ते जन्मभर अंगावर राहतं, अंगापासून दूर करायचं नसतं. अव्वांनी गुपचूप ते काम उरकलं होतं. मी बाहेर जाऊन म्हणाले, “अव्वा, ते त्यांच्या देवाचं बाळ हाय, आपलं न्हाई. असं करतात का कुणी?”

“बाळ कुणाचं बी असू दे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मोकळ्या गळ्यानं कसं ठिवायचं? आदुगरच तर बिचाऱ्याला जागा न्हाई मिळाली.”

मी दोरा कापायला कात्री घेतली. एस्तेरने माझा हात धरला. “राहू द्या. म्हाताऱ्या माणसानं मायेनं केलंय,” असं म्हणून तिने कागदाची कातरण बाळाच्या हनुवटीपर्यंत ओढली. “असं केलं की दिसत नाही.”

आता माझी चूक सांगते, म्हणजे सगळ्या चुका सासूच्या नावावर नकोत. मी दुकानातल्या बाइंडिंगच्या हिरव्या कापडाचं दप्तर शिवलं. दोन खण, वर झाकण, बटण, आणि कोपऱ्यात लाल दोऱ्याने ‘स’. ते बघून एस्तेरचा चेहरा उतरला. “वहिनी, छान झालंय. पण हे नको. तिला वाटेल आधीच ठरवून ठेवलंय.”

“ठरवलंच हाय की. लेकरू आईपाशी राहायचं नाही तर कुठं राहायचं?”

“तिच्या आजीनं जबरदस्ती नको म्हणलंय.”

“दप्तरानं कुठं जबरदस्ती होती का?” मी म्हणाले. मी एकदा मनावर घेतलं की दुसऱ्याचं ऐकत नाही. यांना विचारा.

तेवीस तारखेला संध्याकाळी मामा मुलीला सोडून उलट्या गाडीने परत गेला. सलोमी उंच होती, सडपातळ, दोन घट्ट वेण्या. एस्तेर तिला जवळ घ्यायला पुढे झाली तर तिने हातातली पिशवी पुढे केली. पहिलं वाक्य बोलली ते, “ताई, संडास कुठंय?”

दिवेलागणीला एस्तेरने चांदणीतला बल्ब लावला. बाहेरून सुंदर लाल दिसत होतं. आणि त्या लालीत आतली छपाई उमटली, उलटी, पण मोठी अक्षरं होती, वाचता येत होती. छापील बाजू आत ठेवली की झालं असं मला वाटलं होतं, आत दिवा लागणार हे ध्यानातच नव्हतं आलं. सलोमीने मान वाकडी करून वाचलं, “जिल्हा उस्मानाबाद.” मग म्हणाली, “ताई, आपण नक्की कुठं आहोत?”

एस्तेर एकटीच हसली.

दुसऱ्या दिवशी मुलगी गव्हाणीकडे लांबूनच बघत होती. “आजीच्या गव्हाणीत तीन उंट आहेत,” म्हणाली.

“उंट म्या बघितला न्हाई,” अव्वा म्हणाल्या. “बैल बघितलाय.”

पंचविसाला सकाळी दोघी प्रार्थनेला जाऊन आल्या. गावातली दहा-बारा ख्रिस्ती घरं एकाच्या ओसरीवर जमायची. आल्यावर एस्तेरने करंज्या दिल्या, आणि मी, शहाणी, दप्तर घेऊन गेले. सलोमीने ते दोन्ही हातांनी घेतलं. बटण उघडलं, लावलं. लाल ‘स’वरून बोट फिरवलं. मग घडी घालून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, “छान आहे, काकू. पण माझं दप्तर जालन्याला आहे.”

त्यात उद्धटपणा नव्हता. खरं ते तिने सांगितलं. एस्तेर तेव्हा आरशासमोर डोक्यावर टोपी लावत होती, तिची दोनची ड्यूटी होती. तिच्या हातातली पिन दोनदा पडली. “येते,” म्हणून ती गेली. मी दप्तर उचलून घरात आले आणि मला इतकी लाज वाटली, इतकी वाटली, की मी दुकानातून जेवायला आलेल्या यांच्यावर ओरडले. त्यांना कळेचना की आज काय छापलं.

दुपारी सलोमी खोलीत एकटीच होती. मी दारावरून दोनदा गेले. तिसऱ्यांदा गेले तर ती गव्हाणीपुढे उकिडवी बसली होती आणि कातरण बाजूला सारून बाळाकडे निरखून बघत होती.

“हे चुकलंय,” ती मला म्हणाली. “प्रभूच्या गळ्यात दोरा नसतो. कुणी केलं?”

मागून अव्वा आल्या आणि खुशाल फरशीवर बसल्या. “म्या केलं. आमच्यात बांधतात.”

“का?”

“लेकरू जन्मलं की त्याला काय ठावं असतंय? आपुन कुणाचं, कुठलं? गळ्यात बांधलं की त्याला बी कळतंय आन् लोकायला बी. ही बघ.” अव्वांनी लुगड्याच्या पदराआड हात घालून आपल्या गळ्यातली चांदीची डबी बाहेर काढली. “पासष्ट वर्सं झाली. न्हाताना न्हाई, निजताना न्हाई, कवाच अंगापासून दूर केली न्हाई. कुणाला काढून द्यायची नसती.”

सलोमी डबीकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच्या गळ्याला हात लावला.

“माझ्या गळ्यात काही नव्हतं,” ती म्हणाली. “कुणी बांधलं नाही.”

अव्वांनी डबी हळूच परत पदराआड सारली. मी करंजी दिली, तिने घेतली नाही.

एस्तेर रात्री यायची वेळ झाली तेव्हा मुलगी पायरीवर येऊन बसली होती. कळशी खाली टेकवण्याआधीच तिने विचारलं, “मी जन्मले तेव्हा माझ्या गळ्यात काय बांधलं होतं?”

एस्तेरने माझ्याकडे बघितलं, मग अव्वांकडे. तिला सगळं कळलं असावं. कळशी ठेवून ती आत गेली आणि आपलं बायबल घेऊन आली. त्याच्या पानांत कागदात गुंडाळलेली एक कापडी पट्टी होती, बोटभर रुंद, पिवळी पडलेली, एका बाजूला गाठीची सुरकुती.

“गळ्यात नाही. मनगटात,” ती म्हणाली. “तुझा जन्म मिशनच्या दवाखान्यात झाला. त्या रात्री अकरा बायका बाळंत झाल्या. पोरांची अदलाबदल होऊ नये म्हणून नर्सा बांधतात. आम्ही आता दवाखान्यात बांधतो तशीच.”

सलोमीने पट्टी उजेडाकडे धरली. शाई फिकी झाली होती, पण अक्षरं होती. ती हळूहळू वाचत गेली. “एस्तेर साळवे. मुलगी. सात पौंड.” मग म्हणाली, “माझं नाव कुठंय?”

“नाव तेव्हा ठेवलं नव्हतं. तेव्हा तू एवढीच होतीस. एस्तेरची मुलगी.”

“मग ही तुझ्याकडं कशाला?”

एस्तेर पायरीवर बसली. टोपी अजून डोक्यावरच होती. “तू जालन्याला होतीस,” ती म्हणाली. “मला पण काहीतरी जवळ पाहिजे ना गं. जिथं बदली झाली तिथं घेऊन फिरले.” आणि मग ती रडली, पदर न लावता, आमच्या सगळ्यांसमोर. मीही रडले. मी नंतर यांना सांगितलं की डोळ्यात मोरचूद गेला.

मुलगी रडली नाही. तिने पट्टी स्वतःच्या मनगटाला लावून बघितली, ती अर्ध्यातही पुरली नाही. मग दोन बोटांभोवती गुंडाळली, तिथे बरोबर बसली.

“तुझीच आहे,” एस्तेर म्हणाली. “घे.”

त्यानंतरचे सहा दिवस फार लांबले. सलोमीने काही सांगितलं नाही आणि एस्तेरने काही विचारलं नाही. मी विचारणार होते, पण एस्तेरने मला शपथ घातली. पोरगी दिवसभर अव्वांच्या मागे असायची. तिला उंट करायचे होते, म्हणून अव्वांनी आडाकाठी पडलेला उरलासुरला गाळ गोळा केला. अव्वांना उंट कसा असतो ते माहीत नव्हतं आणि तिला माती कशी मळतात ते, तेव्हा दोघींची भांडणं ऐकण्यासारखी असायची. तीन उंट झाले. तिन्ही वशिंडावरून बैलच वाटत होते. एके दुपारी अव्वा सुईत दोरा ओवून घ्यायला माझ्याकडे आल्या आणि कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “तुला काय करायचंय?” नंतर सलोमीच्या मानेवर फ्रॉकच्या कॉलरखाली काळा दोरा दिसला. मी ते कुणाला बोलले नाही.

एक तारखेला दुपारी मामा आला. भला माणूस, संकोची. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, “चल सलोमी, साडेतीनची गाडी हाय.”

सलोमी उठली आणि खोलीत गेली. आम्ही सगळे दाराकडे बघत होतो. एस्तेर भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात पाठीमागे धरून. पोरगी पिशवी घेऊन बाहेर येईल असं मला वाटलं. ती अंगण ओलांडून सरळ माझ्याच घरात शिरली. आतून गठ्ठे सरकवल्याचा आवाज आला, काहीतरी पडलं. मग ती हिरवं दप्तर घेऊन बाहेर आली. मी ते रागाने जिन्याखालच्या फॉर्मांच्या गठ्ठ्यामागे कोंबलं होतं. तिने ते झटकलं आणि खांद्याला लावलं.

“मामा, आजीला सांग, दप्तर पाठवू नको,” ती म्हणाली. “नुसती पुस्तकं पाठव.”

मामाने एस्तेरकडे बघितलं. शेवटी अव्वाच म्हणाल्या, “ऐकू आलं न्हाई का? पुस्तकं पाठवा. आन् दुसऱ्यांदा च्या घ्या, गाडीला येळ हाय.”

सोमवारी आम्ही शाळेत गेलो. मी गेले ती पत्त्याची खात्री द्यायला, असं मी सांगितलं. खरं म्हणजे मला घरी बसवलंच नसतं. मुख्याध्यापकांनी टेबलाच्या खणातून प्रवेशाचा फॉर्म काढला आणि मी खालची ओळ बघून ओळखला. आमचाच माल. यांनी कुणाला तरी खपवला होता म्हणायचा.

एस्तेरने फॉर्म भरला. मुख्याध्यापकांनी वाचला आणि चष्मा वर केला. “शाळा सोडल्याचा दाखला?”

“जालन्याहून मागवलाय, सर. आठवडाभरात येईल.”

“जन्माचा?”

“तो पण आईकडेच आहे.”

“तसं कसं चालंल, सिस्टर? मुलगी कुणाची, कुठली, कायतरी कागदावर पायजे ना. उद्या वरून तपासणी आली तर म्या काय दाखवू? नवा जिल्हा हाय, रोज कुणीतरी तपासायला येऊन राहिलंय.”

एस्तेर काहीतरी बोलायला गेली. तेवढ्यात सलोमीने कॉलरमध्ये हात घालून दोरा बाहेर ओढला. दोऱ्याला खणाच्या कापडाची छोटी थैली होती, अव्वांच्या जुन्या चोळीची, मी ती चोळी ओळखते. तिने थैलीचं तोंड सैल केलं, आतली पट्टी काढली आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर दोन्ही बोटांनी ताणून धरली.

“हा घ्या दाखला,” ती म्हणाली. “एस्तेर साळवे, मुलगी, सात पौंड. ती मी.”

मुख्याध्यापक वाकले. त्यांनी एकदा वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं. मग एस्तेरकडे बघितलं. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. त्यांनी पेन उचललं. फॉर्मावरचा ‘उस्मानाबाद’ एका रेघेने खोडला, वर ‘लातूर’ लिहिलं, आणि खाली सही केली.

“बाकीचे दाखले आले की आणून द्या,” ते म्हणाले. मग टेबलावरची टाचणी घेऊन पट्टीकडे हात केला. “तोवर हे फॉर्माला लावून ठेवतो.”

सलोमीने पट्टी झटकन उचलली, थैलीत घातली आणि दोरा कॉलरच्या आत सोडला.

“ते काढून द्यायचं नसतं,” ती म्हणाली.